समेवर खाली

तबल्यावर रूपक ताल शिकायला घेतला तेव्हा मी पहिल्याच मात्रेवर, म्हणजे पहिल्याच ठोक्यावर, अडले. तीनताल, झपताल, एकताल झाले होते. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, ही भरायची जागा, हे हाताला पक्कं ठाऊक झालं होतं. तिथे डाव्या हाताचा डग्गा घुमला पाहिजे, बोल भरदार वाजला पाहिजे, ऐकणाऱ्याची मान आपसूक हलली पाहिजे. आणि इथे समेवर ‘तीं’. डावा हात घुमवायचाच नाही. सात मात्रा, तीन-दोन-दोन असे विभाग: तीं तीं ना, धी ना, धी ना. टाळी चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर, आणि पहिलीवर खाली, म्हणजे टाळी न देता सोडायची मात्रा. जिथून आवर्तन सुरू होतं, जिथे फिरून यायचं असतं, तीच मात्रा रिकामी. माझा हात दर वेळी तिथे नकळत जोर लावायचा आणि गुरुजी थांबवायचे. “अगं, समेवर अशी धावून येऊ नकोस. तिथे नुसती पोच. वजन पुढे आहे.”

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं होतं. त्याचा अर्थ कळायला मात्र वीसेक वर्षं आणि एक दुखरा गुडघा लागला.

‘सोमवारपासून’ हा आपल्याकडे एका शब्दात मावणारा संकल्प आहे. सोमवारपासून लवकर उठणार, सोमवारपासून धावायला जाणार, सोमवारपासून रात्री फोन हातात घेणार नाही. या शब्दाला मी हसत नाही. त्यात खरीच ताकद आहे. हेंगचेन डाय, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस या तिघांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दिसलं की, आठवड्याच्या, महिन्याच्या आणि वर्षाच्या सुरुवातीला व्यायामशाळेत जाणाऱ्यांची संख्या वाढते, आणि ‘डाएट’ हा शब्द इंटरनेटवर जास्त शोधला जातो. काळावर अशी एक रेघ ओढली की मागचा ‘मी’ रेघेपलीकडे राहतो, त्याच्या चुका त्याच्याकडे राहतात, आणि आपण पाटी कोरी घेऊन उभे राहतो, असं त्यांचं म्हणणं. हा अनुभव कुणाला नाही?

माझी चूक कोऱ्या पाटीत नव्हती. त्या पाटीवर पहिलंच अक्षर मी इतकं दाबून काढायचे की पेन्सिलीचं टोक तुटायचं.

एकेचाळिसाव्या वर्षी मी ठरवलं की आता शरीराकडे लक्ष द्यायचं. रविवारी रात्री बूट दाराशी मांडून ठेवायचे, पहाटे पाचचा अलार्म. सोमवारी सहा किलोमीटर धावणं, आल्यावर स्क्वॉट, लंज, पोटाचे व्यायाम, सगळं एकाच दमात. कानात सगळ्यात वेगवान, सगळ्यात कर्कश गाणी. नऊ वाजता कामाला बसताना वाटायचं, जिंकलं. मंगळवारी जिना उतरताना कठडा धरावा लागायचा. बुधवारी त्याहून जास्त. सवय नसलेल्या व्यायामानंतरचं हे स्नायूंचं दुखणं साधारण २४ ते ७२ तासांत शिगेला पोचतं, हे तेव्हा कळलं असतं तर बरं झालं असतं. गुरुवारी अंग मोकळं व्हायला लागायचं, तोवर मन आंबलेलं असायचं. शुक्रवार, शनिवार नुसताच अपराधीपणा. रविवारी संध्याकाळी छातीवर तो ओळखीचा दगड, आणि दगड हलवायला पुन्हा तोच शब्द, सोमवारपासून. सात महिने असंच चाललं. मग एका सोमवारी चौथ्या किलोमीटरला गुडघ्याच्या वाटीखाली कळ आली आणि मी रस्त्याच्या कडेला बसून राहिले.

फिजिओथेरपिस्ट माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान होती. तिनं गुडघा दाबून पाहिला, पाय वाकवून पाहिला, आणि आठवड्याचा दिनक्रम विचारला. मी सांगितला. ती म्हणाली, “मॅडम, गुडघ्याला सोमवार कळत नाही. गेल्या तीन आठवड्यांत त्यानं काय पेललं, एवढंच त्याला ठाऊक असतं.”

हे ऐकून मी गप्पच झाले. मन रेघ ओढतं आणि पलीकडे उडी मारतं. शरीराकडे अशी रेघ नसते. ते अखंड असतं. त्याच्याकडे हिशेब असतो, आणि तो फार हळू बदलतो. हाडावर जसा भार पडतो तशी त्याची घडण बदलते, हे जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ सालीच मांडलं होतं. पण त्या बदलाला महिने लागतात. अंतराळवीरांच्या शरीरावरचा गुरुत्वाकर्षणाचा भार निघून गेला की त्यांच्या कमरेच्या आणि मांडीच्या हाडांची घनता महिन्याला एक टक्क्याच्या आसपास घटते. म्हणजे हाड ऐकतं, पण सावकाश. स्नायू त्यापेक्षा लवकर ऐकतो. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरेला रक्तपुरवठा कमी असतो, म्हणून ती फारच सावकाश. स्नायू उत्साहानं पुढे गेला आणि कंडरा मागे राहिली, तर दुखणं त्या दोघांच्या मधल्या जागेत येऊन बसतं. माझं तिथेच बसलं होतं.

आणखी एक गोष्ट तिनं समजावली, ती मला आजही विलक्षण वाटते. वजन उचलत असताना आपण बलवान होत नसतो, त्या क्षणी आपण झिजत असतो. स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते, साठवलेली साखर संपत जाते. डागडुजी नंतर होते, पुढचे २४ ते ४८ तास, त्यातली बरीचशी झोपेत. ती होऊ दिली तरच बळ येतं. दोन जोरकस दिवसांमधला तो सुस्त वाटणारा दिवस वाया गेलेला नसतो, त्या दिवशी आत काम चालू असतं. मी सात महिने फक्त इजा करत होते, आणि मग डागडुजीच्या दिवसांत स्वतःला आळशी म्हणत होते.

दुखणं उतरल्यावर तिनं मला चालायला लावलं आणि थांबल्यावर नाडी मोजायला शिकवलं. तर्जनी आणि मधलं बोट मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला. थांबल्या क्षणी एकदा मोजायची आणि बरोबर एका मिनिटानं पुन्हा. “किती वर गेली ते मला नको,” ती म्हणाली, “किती खाली आली ते लिहून आणा.”

यामागे ठोस अभ्यास आहे. १९९९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २,४२८ प्रौढांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना ट्रेडमिलवर दमवल्यानंतर पहिल्या एका मिनिटात हृदयाचे ठोके किती उतरतात ते पाहिलं, आणि मग सुमारे सहा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ज्यांचे ठोके त्या मिनिटात १२ किंवा त्याहून कमी उतरले होते, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण लक्षणीयरीत्या जास्त निघालं. मेंदूपासून छाती-पोटापर्यंत उतरणारी व्हेगस नावाची नस हृदयाचा लगाम सांभाळते. आपण धावतो तेव्हा ती लगाम सैल सोडते, थांबतो तेव्हा पुन्हा हातात घेते. हा लगाम किती चटकन हातात येतो, त्यावरून हृदयाबद्दल बरंच काही कळतं.

नाडीसाठी केलेल्या नव्या वहीत मी पहिल्या दिवशी लिहिलं: १२६, ११३. तेरा ठोके. तीन महिन्यांनी: १२४, १००.

‘रेझिलियन्स’ हा शब्द हल्ली सगळीकडे ऐकू येतो, आणि मराठीत त्यासाठी शब्द शोधताना आपण ‘कणखरपणा’ असं लिहून मोकळे होतो. मला तो पटत नाही. कणखर माणूस वाकत नाही. ‘चिवट’ जवळचा आहे, कारण चिवट वस्तू ताणली जाते आणि तुटत नाही. पण ताणल्यावर ती पूर्ववत होतेच असं नाही. ‘लवचीक’ वाकतो आणि सरळही होतो. पण मला सगळ्यात जास्त आवडतो तो ‘उभारी’. “तिनं पुन्हा उभारी धरली,” असं आपण म्हणतो, त्यात पडणं गृहीतच आहे. पडल्याशिवाय उभारी धरताच येत नाही. मूळ लॅटिन धातूचा अर्थही मागे उसळून येणे असाच आहे. त्या वहीतले तेरा आणि चोवीस हे आकडे मला उभारीचे आकडे वाटतात. किती उंच गेलात याची नोंद त्यात आहेच, पण डोळा जातो तो परतीच्या अंतराकडे.

मनाच्या उभारीबद्दल मला सगळ्यात जास्त धीर देणारं संशोधन एका बेटावरचं आहे. हवाईमधल्या कावाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळीस वर्षांच्या वयापर्यंत मागोवा घेतला. त्यातली बरीच मुलं गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचे मानसिक आजार अशा परिस्थितीत वाढत होती. अशा सगळ्यात जास्त धोक्याच्या गटातली साधारण एक तृतीयांश मुलं समर्थ, मायाळू, कामात रमणारी माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात निदान एक तरी भरवशाचं मोठं माणूस होतं, कधी आजी, कधी शिक्षक, कधी शेजारी. पुढे अ‍ॅन मास्टन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००१ साली अशा अनेक अभ्यासांचा आढावा घेऊन मांडलं की, उभारी ही असामान्य माणसांची देणगी नाही. ती साध्यासुध्या, रोजच्या गोष्टींतून येते. आपुलकीची माणसं, शिकू शकणारा मेंदू, भावना सावरण्याची सवय.

रोजच्या गोष्टींतून. मग प्रश्न उरला माझ्या सोमवारचा.

रविवारी रात्री मला झोप का लागत नाही, याचं मी मनाच्या दुबळेपणाशी नातं जोडून ठेवलं होतं. त्याचं एक साधं कारण सापडलं. शुक्रवार-शनिवारी उशिरापर्यंत जागायचं, सकाळी उशिरा उठायचं, आणि मग सोमवारी एकदम पहाटे. आतलं घड्याळ दोन दिवसांत दोन तास मागे सरकलेलं असतं, आणि सोमवारी आपण त्याला ओढून पुढे आणतो. टिल रोनेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली याला ‘सोशल जेटलॅग’ असं नाव दिलं. कुठेही न जाता झालेला लांबचा प्रवास. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या एका अभ्यासात तर नोकरदार लोकांमध्ये हृदयविकाराच्या झटक्यांचं प्रमाण सोमवारी जास्त आढळलं होतं. म्हणजे सोमवारची सकाळ शरीरासाठी आधीच वजनदार असते. आणि मी नेमका तिथेच डग्गा घुमवत होते.

त्या दिवशी गुरुजींचं वाक्य आठवलं. वही शोधून काढली. वजन पुढे आहे.

सात दिवस, सात मात्रा. हे काही मी ओढूनताणून जुळवत नाहीये. दिवस पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यातून येतो, महिना चंद्रावरून, वर्ष सूर्याभोवतीच्या फेरीतून. आठवडा आकाशात कुठेच नाही. तो माणसांनी मोजायचा ठरवला म्हणून आहे, अगदी तालासारखा. तो बदलून पाहायचे प्रयत्नही झाले. फ्रेंच क्रांतीनंतर १७९३ साली दहा दिवसांचा आठवडा आणला, तो फार काळ टिकला नाही. सोव्हिएत संघानं १९२९ साली पाच दिवसांचा, मग सहा दिवसांचा करून पाहिला आणि १९४० साली मुकाट्यानं सातावर परत आला. मोठमोठ्या सत्तांना जे आवर्तन मोडता आलं नाही, ते मोडायच्या भानगडीत मी पडणार नव्हते. मला फक्त त्याची सम कशी घ्यायची ते शिकायचं होतं.

आता माझा सोमवार खालीचा असतो. खाली म्हणजे सुट्टी नव्हे, हे वाजवणाऱ्याला सांगावं लागत नाही. खालीची मात्रा वाजतेच, तिची जागा सुटली तर ताल गेला. फक्त ती घुमत नाही.

अलार्म इतर दिवशीचाच, कारण शनिवार-रविवारीही उठण्याची वेळ मी तासाभरापेक्षा जास्त ढळू देत नाही. पहिली पंधरा मिनिटं कानात काहीच नसतं. उजेड डोळ्यांवर पडू द्यायचा, कारण सकाळच्या प्रकाशासारखं आतलं घड्याळ जुळवणारं दुसरं काही नाही. मग दात घासताना एका पायावर उभं राहायचं, अर्धा वेळ डावा, अर्धा वेळ उजवा. संतुलित व्यायाम म्हणताना आपण तोल हा शब्द अलंकारासारखा वापरतो, पण तोल ही शरीराची खरीखुरी क्षमता आहे आणि ती वापरली नाही की जाते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ जणांना दहा सेकंद एका पायावर उभं राहायला सांगितलं. पाचातल्या एकाला ते जमलं नाही, आणि पुढच्या काही वर्षांत त्या गटात मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. हे वाचून मी घाबरले नाही, पण टूथब्रश घेऊन उभी मात्र राहायला लागले.

मग चालणं, अर्धा तास. इथे संगीत सुरू होतं, आणि इथेही मला आधीचं सगळं विसरावं लागलं.

वेगवान गाण्यांचा उपयोग होत नाही असं माझं म्हणणं नाही. होतो. न्यूयॉर्कमधल्या सहा दिवस चालणाऱ्या सायकल शर्यतीत बँड वाजत असताना स्वार जास्त वेगानं जातात, असं निरीक्षण लेनर्ड एअर्स यांनी १९११ सालीच नोंदवलं होतं. कोस्तास कारागिओर्गिस यांनी तर संगीत आणि व्यायाम यांच्या नात्यावर अनेक वर्षं काम केलं आहे. मिनिटाला साधारण १२० ते १४० ठोक्यांची लय बऱ्याच व्यायामांना मानवते, आणि हलक्या किंवा मध्यम व्यायामात संगीतामुळे श्रम कमी वाटतात. पण श्रम फार वाढले की हा परिणाम विरतो. धाप लागलेल्या शरीराचा आवाज गाण्यापेक्षा मोठा होतो. माझ्या त्या जुन्या सोमवारांमध्ये गाणी मला पळवत होती हे खरं, पण गुडघा काय सांगतोय ते ऐकूही देत नव्हती.

आयरा आल्टशुलर नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९४०च्या दशकात संगीतोपचारासाठी एक तत्त्व मांडलं. रुग्णाची मनःस्थिती जशी आहे तशाच संगीतानं सुरुवात करायची आणि मग हळूहळू हव्या त्या मनःस्थितीकडे न्यायचं. उदास माणसाला एकदम आनंदाचं गाणं ऐकवलं की तो आणखी एकटा पडतो, हे आपल्यापैकी प्रत्येकानं अनुभवलेलं आहे. ख्याल गाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. विलंबितानं, म्हणजे संथ लयीनं सुरुवात, सुरांची ओळख करून घेत, मग मध्य, मग द्रुत, म्हणजे जलद. मैफलीत कुणी द्रुत तराण्यानं सुरुवात केली तर आपण चुळबुळ करू. सोमवारी सकाळी मात्र तेच करतो.

म्हणून पहिली दहा मिनिटं आलाप. माझ्या रविवारच्या रात्रीशी त्याचं जमतं. त्यात घाई नसते, आणि मला काय व्हायचं आहे याची सक्तीही नसते. मग मध्य लयीतली एखादी बंदिश. पाय आपोआप तिच्याशी जुळतात. शेवटची दहा मिनिटं द्रुत, आणि तिथे मी एक कसोटी लावते. मध्यम व्यायामाची सोपी खूण अशी की, बोलता येतं पण गाता येत नाही. सुरुवातीला मी गुणगुणू शकते. शेवटी गुणगुणणं तुटायला लागतं, पण शेजारून कुणी काही विचारलं तर उत्तर देता येतं. सोमवारी एवढंच. तिथून पुढे जायची इच्छा होते, आणि ती इच्छा शिल्लक ठेवून मी परतते. मंगळवारला तिची गरज असते.

मग हेडफोन काढते. आणि हा मला अख्ख्या सोमवारचा गाभा वाटतो.

बर्नार्डी, पोर्ता आणि स्लाइट यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. २४ जण, त्यातले निम्मे वादक. त्यांना वेगवेगळ्या प्रकारचं संगीत ऐकवलं, त्यात रागसंगीतही होतं. जलद संगीतात श्वास, नाडी, रक्तदाब वाढले, ते अपेक्षितच होतं. अनपेक्षित काय, तर मध्येच दोन मिनिटांची शांतता ठेवली होती, आणि त्या शांततेत हे सगळं खाली आलं, संगीत सुरू होण्यापूर्वी होतं त्याच्याही खाली. नुसतं शांत बसून जे मिळत नव्हतं ते संगीतानंतरच्या शांततेत मिळालं. मैफलीत भैरवी संपल्यावर, टाळ्या सुरू व्हायच्या आधी जो एक क्षण असतो, तो ज्यांनी अनुभवला आहे त्यांना याचं नवल वाटणार नाही.

पुढचा आठवडा मी तीन-दोन-दोन असाच बांधते. तीन दिवस चालणं, दोन दिवस ताकदीचा व्यायाम, दोन दिवस मोकळे. तालातल्यासारखे सलग विभाग करता येत नाहीत, कारण ताकदीच्या दोन दिवसांमध्ये अंतर हवं. म्हणून मंगळवार आणि शुक्रवार वजनांचे, सोमवार, बुधवार, शनिवार चालण्याचे, गुरुवार आणि रविवार अंग ताणायला आणि तबल्याला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली प्रौढांसाठी सांगितलेलं प्रमाण आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस, आणि किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम. शनिवारचं लांब चालणं धरून माझी दीडशे मिनिटं भरतात. आठवड्यात मिनिटं असतात १०,०८०. शिवाय व्यायाम सलग दहा मिनिटं झाला तरच धरायचा ही जुनी अटही त्यांनी काढून टाकली आहे. दोन मिनिटं जिना चढलात तर तीही जमेला. रोज दहा हजार पावलं झालीच पाहिजेत म्हणून जीव काढणाऱ्यांसाठी सांगते, हा आकडा १९६५च्या सुमाराला जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला.

हे सगळं लिहिताना फार सुरळीत वाटतंय. तसं नव्हतं. हे बसवून वर्ष होत नाही तोच आईला पक्षाघाताचा झटका आला.

पुढचे चार महिने मंगळवार नव्हता, शुक्रवार नव्हता. दवाखान्यातल्या खुर्चीवर झोपायचं, कधी उठायचं ते औषधांच्या वेळा ठरवायच्या. पूर्वीची मी असते तर पहिल्या चुकलेल्या आठवड्यातच सगळं सोडून दिलं असतं. या वेळी दोन गोष्टींनी हात दिला. एक, फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा २०१० सालचा अभ्यास मी वाचला होता. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात, कुणाला १८, कुणाला २५४. आणि मधला एखादा दिवस चुकला तर सवय घडण्यात फारसा फरक पडत नाही. आणि दुसरी, रूपक. साथ करताना हात चुकला तर सुटलेली मात्रा परत मागायची नसते, पुढची सम गाठायची असते. आणि ती सम खालीची असल्यामुळे तिथे पोचायला जोर लागत नाही. दमलेला माणूसही तिथे पोचू शकतो.

दर सोमवारी मी दवाखान्याच्या लांब मार्गिकेत पंधरा मिनिटं चालले. कधी दहा. संगीत नव्हतं, मनातल्या मनात ठेका. तेव्हा एक गंमत लक्षात आली. पाय दोन, मात्रा सात. एका पावलाला एक मात्रा धरली तर पहिल्या आवर्तनाची सम डाव्या पायावर येते, दुसऱ्याची उजव्यावर, मग पुन्हा डाव्यावर. तिथे मी फार रडलेही आहे, चालता चालता, पण पावलं सुटली नाहीत.

आईला चालायला शिकवताना तिथली थेरपिस्ट मेट्रोनोम लावायची. मायकेल थॉट आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात दाखवून दिलं होतं की ठाशीव लय ऐकू आली तर पक्षाघाताच्या रुग्णांची आणि पार्किन्सन्सच्या रुग्णांची चाल सुधारते. पाऊल कधी टाकायचं ते कानाकडून पायाला कळतं. त्या यंत्राच्या टिकटिकीला आई वैतागायची. मी पलंगाच्या दांडीवर हातानं केहरवा धरला. आठ मात्रा, दोन पायांना सोयीच्या. आई थांबली, तिनं कान दिला, आणि दुबळा उजवा पाय पुढच्या समेवर उचलला. माँट्रियलमधल्या मॅकगिल विद्यापीठात २०११ साली झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं की, आवडत्या संगीतातला सर्वोच्च क्षण येतो तेव्हा मेंदूत डोपामीन स्रवतं, पण त्या क्षणाची वाट पाहतानाही ते स्रवतं, मेंदूच्या वेगळ्या भागात. वाट पाहण्याची जागा वेगळी, पोचण्याची वेगळी. तिहाई, म्हणजे तीनदा वाजून समेवर येणारा तुकडा, ऐकताना आपण पुढे झुकतो ते काय, हे मला त्या पलंगाशेजारी समजलं. आईचं अख्खं शरीर समेची वाट पाहत होतं.

आता ती काठी घेऊन चालते. घरातल्या घरात, दिवसातून चारदा, स्वतःच्या लयीत. माझे मंगळवार आणि शुक्रवार परत आलेत, सगळे नाहीत. गेल्या महिन्यात दोन आठवडे कामानं खाल्ले. सोमवार राहिला.

सकाळी मी चालून येते तेव्हा ती खिडकीपाशी खुर्चीत बसलेली असते, मांडीवर घड्याळ. हेडफोन काढून मी तिच्यासमोर उभी राहते, मनगटावर दोन बोटं ठेवते, आकडा सांगते. ती मान डोलावते आणि सेकंदकाट्यावर डोळे लावते. मी डोळे मिटते. कानात अजून द्रुत लय घुमत असते, मग विरते. श्वास मोठे होतात, मग लांब. खोलीत कुणी बोलत नाही. बोटांखालची उडी मंदावत जाते.

“झालं,” आई म्हणते. “आता मोज.”